जुन्या जर्मन चमच्यावरचा 90 हा आकडा काय सांगतो?

जुन्या जर्मन चमच्याची दांडी उलटी करून उजेडात धरली, तर तिच्या मागच्या अंगाला कारखान्याचा बारीकसा ठसा आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा 90 हा आकडा दिसतो. असा चमचा पहिल्यांदाच हाती घेणारा माणूस, विशेषतः सराफाकडे कस विचारून मगच दागिना घेण्याची सवय असलेला आपल्याकडचा माणूस, हा आकडा टक्क्यांचा आहे असे समजतो आणि चमच्यात 90 टक्के चांदी असणार असे धरून चालतो. प्रत्यक्षात साठ-सत्तर ग्रॅम वजनाच्या त्या चमच्यात चांदी जेमतेम पावणेचार ग्रॅम असते आणि तीही केवळ अंगावरून चढवलेली. जर्मन मुलाम्याच्या वस्तू जमवू पाहणाऱ्याची पहिली फसगत बहुधा याच आकड्यावर होते, आणि गंमत अशी की हा आकडा नीट वाचता आला तर पुढचे निम्मे शास्त्र आपोआप उलगडत जाते.

आकड्याचा हिशोब असा आहे. बारा मोठे चमचे आणि बारा मोठे काटे, असे चोवीस नग मिळून त्यांच्यावर 90 ग्रॅम शुद्ध चांदी चढवली असेल, तर त्या मालावर 90 हा आकडा उमटवला जाई. हेच माप पृष्ठफळाच्या भाषेत सांगायचे तर 24 चौरस डेसिमीटर पृष्ठभागाला 90 ग्रॅम चांदी. चांदीची घनता घन सेंटिमीटरला साधारण साडेदहा ग्रॅम धरून भागाकार केला, म्हणजे थराची जाडी सुमारे 36 मायक्रॉन येते. मिलिमीटरचे अठ्ठावीस भाग केले तर त्यांतला एक. माणसाच्या केसाच्या ती साधारण निम्मी भरते. एवढ्याशा जाडीवर दोन-तीन पिढ्यांची जेवणे निघतात, यावर पहिल्या ऐकण्यात विश्वास बसत नाही.

पुष्कळ चमच्यांवर एकाऐवजी दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 90 आणि 45. त्यांतला दुसरा आकडा त्या जातीच्या एक डझन नगांवर मिळून किती ग्रॅम चांदी आहे ते सांगतो. बारा मोठ्या चमच्यांवर 45 आणि बारा मोठ्या काट्यांवर 45, मिळून 90, असा तो ताळा आहे. चहाच्या चमच्यावर पहिला आकडा 90 च राहतो, दुसरा मात्र 18 किंवा त्याच्या आसपासचा असतो. यावरून चहाचा चमचा हलक्या प्रतीचा आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरते, कारण थराची जाडी दोन्हीकडे सारखीच आहे. लहान चमच्याला अंगच लहान, म्हणून चांदीही कमी लागते. याच मापपट्टीवर 40 आणि 60 हे आकडे स्वस्त मालाचे, 90 हा चांगल्या घरगुती मालाचा आणि 100 हा त्याहून किंचित जाड मुलाम्याचा. फ्लेन्सबुर्ग शहरातील रोबे आणि बेर्किंग ही 1874 साली स्थापन झालेली पेढी 150 ग्रॅमचा मुलामा देते, आणि त्या मालाच्या वर्णनात ‘मासिव्ह’, म्हणजे ‘भरीव’, हा शब्दही येतो. तो मुलाम्याच्या जाडीविषयी आहे, चमचा आतून चांदीचा असल्याविषयी नव्हे.

खऱ्या चांदीची खूण वेगळीच आहे. जर्मन साम्राज्याने 1884 साली केलेला आणि 1 जानेवारी 1888 पासून अमलात आलेला कायदा सांगतो, की चांदीच्या वस्तूवर चंद्रकोर आणि राजमुकुट ही चिन्हे उमटवायची असतील, तर तिचा कस हजारात किमान 800 असला पाहिजे आणि तो आकडा व कारखान्याचा ठसाही सोबत असला पाहिजे. म्हणून चंद्रकोर, मुकुट आणि 800, 835 किंवा 925 अशी तीन गोष्टींची रांग दिसली की वस्तू आतून-बाहेरून चांदीची समजावी. घोटाळा होतो तो 90 आणि 900 यांच्यात, आणि त्याहून अधिक 100 या आकड्यामुळे, कारण तीन अंक दिसले की कस असणार असा एक ढोबळ नियम लोक मनाशी बांधतात आणि 100 हा आकडा तो नियम मोडतो. त्या कायद्याच्या आधी अनेक जर्मन राज्यांत चांदीचा कस लोट या मापाने सांगत. सोळा लोट म्हणजे निर्भेळ चांदी, बारा लोट म्हणजे हजारात 750. सोळा आणे सत्य आणि बारा आणे सत्य यांतला फरक ज्यांच्या बोलण्यात मुरलेला आहे, त्या मराठी वाचकाला ही पद्धत जर्मनांच्या नातवंडांपेक्षाही लवकर कळावी. त्यामुळे 1888 पूर्वीच्या चमच्यावर नुसता 12 किंवा 13 आकडा दिसला, तर तो टाकाऊ समजून बाजूला ठेवू नये. तो खरा चांदीचा असण्याची शक्यता मोठी असते.

चांदीखालचा धातू

मुलाम्याची गोष्ट चांदीपासून सुरू होत नाही, तिच्या खालच्या धातूपासून होते. अठराव्या शतकात चीनमधून युरोपात पाकतोंग नावाचा एक पांढरा, चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू येत असे आणि तो महाग पडे. त्यात तांबे, जस्त आणि निकेल आहे हे रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढल्यावर तो घरच्या घरी बनवण्याची खटपट सुरू झाली. सॅक्सनीतील श्नेबर्ग गावच्या एर्न्स्ट आउगुस्ट गाइट्नर यांनी 1823 साली असा मिश्रधातू तयार केला आणि त्याला आर्गेंटान हे नाव दिले; त्याच सुमारास बर्लिनमध्ये हेनिगर बंधूंनी तसाच धातू नॉयझिल्बर, म्हणजे ‘नवी चांदी’, या नावाने बाजारात आणला. श्नेबर्ग हे खनिजांच्या डोंगराळ प्रदेशातले गाव असून तिथल्या खाणींत निकेलची खनिजे सापडत, त्यामुळे हा शोध नेमका तिथे लागावा यात आश्चर्य नाही. साधारण साठ टक्के तांबे आणि उरलेल्यात जस्त व निकेल असे त्याचे प्रमाण असते. नावात चांदी असली तरी धातूत चांदीचा कणही नाही. पुढे याच धातूला आल्पाका हे व्यापारी नाव चिकटले, आणि जुन्या चमच्यांवर ‘आल्पाका’ असा शब्द दिसतो तो याच धातूचा.

इंग्रजांनी या धातूला जर्मन सिल्व्हर म्हटले आणि ते नाव हिंदुस्थानात येऊन स्थिरावले. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या वाणात किंवा पूजेच्या साहित्यात ‘जर्मन सिल्व्हर’ची निरांजने आणि तबके आजही मिळतात. मराठीने तर यापुढे एक पाऊल टाकले. पुढे आलेल्या पांढऱ्या, स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणण्याची पद्धत पडली, आणि ज्यांच्या घरी जर्मनचे पातेले आहे त्यांतल्या फार थोड्यांना ते नाव श्नेबर्गच्या एका धातूवरून फिरत फिरत आले असावे अशी शंका येते. संग्राहकाच्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच, की भारतात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून विकली जाणारी वस्तू जर्मनीतली असेलच असे नाही, आणि तिच्यावर चांदीचा मुलामा असेल असेही नाही.

आल्पाकाचे मोठे गुण दोन. तो कठीण आहे, त्यामुळे त्याचा चमचा वाकत नाही. आणि तो पांढरा आहे, त्यामुळे वरची चांदी झिजली तरी खालचा रंग चटकन डोळ्यांत भरत नाही. पितळेवर मुलामा दिलेल्या स्वस्त वस्तूंची गत निराळी असते; तिथे दोन-तीन कोपरे झिजले की अक्षरशः पितळ उघडे पडते. चहादाण्या, फुलदाण्या आणि फळांची तबके यांच्यासाठी कारखाने बऱ्याचदा कथील, अँटिमनी व थोडे तांबे यांचा मऊ मिश्रधातू वापरत, कारण तो साच्यात सहज ओतता येतो आणि त्यावर बारीक नक्षी उत्तम उठते. हा धातू कमी उष्णतेवर वितळतो, म्हणून अशा चहादाणीला चुकूनही विस्तवावर ठेवू नये आणि साध्या डाग देणाऱ्याकडे दुरुस्तीला देऊ नये.

चांदी चढवायची कशी, याचे उत्तर 1840 च्या सुमारास विजेने दिले. त्याआधी शेफील्डमध्ये तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने चिकटवून मग त्याची भांडी घडवत. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 साली विद्युत विलेपनाचे पेटंट घेतले, पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल या पेढीने त्याचे हक्क मिळवले आणि पुढे जर्मन बाजारासाठी कार्ल्सरूह येथे कारखानाच काढला. कृती तत्त्वाने सोपी आहे. चांदीचे सायनाइडयुक्त द्रावण हौदात भरायचे, एका बाजूला शुद्ध चांदीचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला घडवून गुळगुळीत केलेले चमचे टांगायचे, आणि वीजप्रवाह सोडायचा. पत्र्यावरची चांदी विरघळत जाते आणि चमच्यांवर बसत जाते. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर जवळजवळ 4 ग्रॅम चांदी बसते, हे प्रमाण निसर्गाने ठरवून दिलेले आहे आणि त्यात कारागिराच्या हाताला वाव नाही. प्रवाह आणि वेळ मोजला की चांदी मोजली जाते. दांडीवर ग्रॅमांचा आकडा बिनदिक्कत ठोकता आला तो याच कारणाने. जुन्या पद्धतींत इतका नेमका हिशोब कोणालाच देता आला नसता.

पण टांगलेल्या चमच्यावर चांदी सगळीकडे सारखी बसली, तरी चमचा सगळीकडे सारखा झिजत नाही. टेबलावर ठेवला की चमच्याच्या वाटीचा फुगीर भाग आणि दांडीचे टोक एवढेच टेकतात आणि घासले जातात. काट्याच्या दातांची टोके ताटावर ओरखडतात. गाइस्लिंगेनच्या डब्ल्यूएमएफ कारखान्याने 1890 च्या दशकात नेमक्या या टेकणाऱ्या जागांवर जास्त चांदी बसवण्याची रीत पेटंट केली. जुना चमचा विकत घेताना अनुभवी माणूस समोरची नक्षी पाहण्याआधी तो पालथा करून वाटीच्या फुगीर भागावर तिरका उजेड पाडतो, ते यासाठीच. तिथे जर किंचित पिवळसर-करडा, कमी चकाकणारा डाग दिसला, तर थर संपलेला आहे.

गाइस्लिंगेन आणि आउए

मुलाम्याच्या मालाचे जर्मन कारखाने पुष्कळ होऊन गेले, परंतु संग्राहकाच्या वाटेवर दोन गावे पुन्हा पुन्हा येतात. पहिले गाव म्हणजे स्टुटगार्ट आणि उल्म यांच्या दरम्यान डोंगराच्या पायथ्याशी असलेले गाइस्लिंगेन. तिथला डानिएल श्ट्राउब हा मूळचा पिठाच्या चक्कीचा मालक. गावाजवळच्या अवघड चढावर रेल्वेमार्ग बांधला जात असताना तो यंत्र-हत्यारांच्या दुरुस्तीच्या धंद्यात शिरला आणि 1853 साली भागीदारीत त्याने धातूच्या वस्तूंचा कारखाना काढला. 1880 साली एस्लिंगेनच्या रिटर या पेढीशी त्याचे विलीनीकरण होऊन व्युर्टेम्बर्ग धातुवस्तू कारखाना, म्हणजे जर्मन आद्याक्षरांनी डब्ल्यूएमएफ, जन्माला आला. त्याच्या जुन्या ठशांत शहामृग दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कारखाना जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होता, आणि आज बाजारात सर्वांत जास्त सापडणारा जुना जर्मन माल त्याचाच आहे. साहजिकच नवख्याने सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते: नमुने ओळखण्याजोगे आहेत, तुटलेल्या संचाचे जोडीदार मिळतात, आणि चूक झाली तरी ती फार महाग पडत नाही.

दुसरे गाव आउए. हे श्नेबर्गच्या अगदी शेजारी, म्हणजे नव्या धातूच्या जन्मभूमीतच. तिथे 1854 साली सुरू झालेल्या वेल्नर घराण्याच्या कारखान्याचे चिन्ह हत्ती. आउगुस्ट वेल्नर आणि पुत्र या नावाने त्याचा माल घराघरांत आणि मोठमोठ्या हॉटेलांत पोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर आउए पूर्व जर्मनीत गेले, कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ठशांवर ‘फाउ-ए-बे’ ही सरकारी मालकीची आद्याक्षरे आली. एकाच गावात तयार झालेल्या पण राजवट बदललेल्या या चमच्यांची रांग लावली, तर जर्मनीचे शतक टेबलावर मांडल्यासारखे दिसते.

यांच्याखेरीज ब्रेमेन शहरात 1905 साली निघालेली आणि 1981 साली बंद पडलेली बीएसएफ ही कंपनी, आणि ऑस्ट्रियातील बेर्न्डोर्फ गावचा 1843 पासूनचा, क्रुप या पोलाद-कारखानदार घराण्याशी जोडलेला आणि अस्वलाचा ठसा मिरवणारा कारखाना, ही नावे वरचेवर दिसतात. बेर्न्डोर्फ जर्मनीत नाही, तरी त्याचा माल जर्मन घरांत इतका मुरला आहे, की संग्राहक सीमेचा हट्ट धरत नाहीत. सुऱ्यांची पाती अनेकदा सोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन शहरातली असतात, मुठी मात्र दुसऱ्याच गावच्या. त्यामुळे एका सुरीवर दोन कारखान्यांची नावे सापडली तर ती जोडकाम केलेली, बनावट वस्तू आहे असे लगेच ठरवू नये. सोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागात पात्यांचे एक मोठे संग्रहालय आहे आणि तिथे शतकानुशतकांचे काटे-चमचेही मांडलेले आहेत. हा विषय डोळ्यांनी शिकायचा असेल तर ती जागा उत्तम.

नक्षीवरून काळ ओळखणे हा या छंदातला सर्वांत रसाळ भाग आहे. 1870 नंतरच्या दोन दशकांत जर्मन मध्यमवर्ग हाती पैसा खेळू लागल्यामुळे सरदारी थाटाकडे वळला होता, आणि त्याच्या टेबलावर पुनरुज्जीवित जुन्या शैलींची गर्दी झाली: पानाफुलांच्या माळा, सिंहमुखे, शंख-शिंपले. 1895 च्या पुढे युगेंडश्टिल, म्हणजे ‘तरुण शैली’, आली. आल्बर्ट मायर यांच्या देखरेखीखालच्या डब्ल्यूएमएफच्या कलाविभागाने या शैलीत वाऱ्यावर केस सोडलेल्या तरुणी, कमळाची पाने आणि चाबकासारख्या वळणदार रेषा फळांच्या तबकांवर आणि आरशांच्या चौकटींवर खेळवल्या. हीच तबके आज लिलावात सर्वाधिक भाव खातात. माझ्या मते त्यांच्याहून सरस काम त्या काळातल्या साध्या चमच्यांत आहे. डार्मश्टाट येथे 1899 साली स्थापन झालेल्या कलावंतांच्या वसाहतीतील योझेफ मारिया ओल्ब्रिख यांनी हेमर गावच्या क्लारफेल्ड आणि श्प्रिंगमायर या कारखान्यासाठी मुलाम्याचे काटे-चमचे रेखाटले, आणि त्यांत नक्षी जवळजवळ उरलेलीच नाही, आकारच बोलतो. 1907 साली कलावंत आणि कारखानदार यांनी मिळून जर्मन वेर्कबुंड ही संघटना उभारली, आणि तिच्या धुरीणांत हाइलब्रोनचे चांदीकाम करणारे कारखानदार पेटर ब्रुकमन होते. कारखान्यात हजारोंनी निघणारी वस्तूही सुंदर आणि प्रामाणिक असावी, हा त्या लोकांचा आग्रह 1920 नंतरच्या सरळसोट चमच्यांत स्पष्ट दिसतो.

मुलाम्याच्या तंत्राने एक वेगळीच जात निर्माण केली, तिचाही उल्लेख येथे करायला हवा. 1868 सालच्या ऑक्टोबरमध्ये हिल्डेसहाइम शहराजवळ सैनिक गोळीबाराच्या सरावाची जागा खणत असताना त्यांना रोमन काळातील चांदीच्या सुमारे सत्तर भांड्यांचा ठेवा सापडला. मूळ ठेवा बर्लिनला गेला, परंतु विजेच्या साहाय्याने साच्यात धातू बसवून हुबेहूब प्रतिकृती करण्याची कला तोवर हाती आली होती, आणि क्रिस्तोफ्ल व डब्ल्यूएमएफ या दोघांनीही त्या भांड्यांच्या प्रतिकृती विकल्या. या प्रतिकृती स्वतःच आता जुन्या झाल्या असून त्यांचा वेगळा संग्राहकवर्ग आहे. ‘हिल्डेसहाइमचा गुलाब’ या प्रसिद्ध नमुन्याचे चमचे मात्र या ठेव्यातले नाहीत. तो गुलाब तिथल्या प्रधान चर्चच्या भिंतीवर चढलेल्या जुन्या वेलाचा आहे, आणि त्या नमुन्याचा माल बहुधा 800 कसाच्या खऱ्या चांदीचा असतो.

वर्ष कसे ताडावे

जर्मन कारखान्यांनी इंग्रजांसारखी वर्षागणिक बदलणारी अक्षरे मुलाम्यावर ठोकली नाहीत, त्यामुळे काळ आडवळणाने ताडावा लागतो. ‘डीआरपी’ ही साम्राज्याच्या पेटंटची अक्षरे 1877 च्या आधीची असू शकत नाहीत, आणि ‘डीआरजीएम’ ही नोंदणीकृत आराखड्याची अक्षरे 1891 च्या आधीची. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द बहुधा 1887 नंतरचे, कारण त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर उत्पत्तीचा देश लिहिण्याची सक्ती आणली. जर्मन मालाला हिणवण्यासाठी आणलेली ती चिठ्ठी पुढे जर्मन मालाची प्रतिष्ठाच होऊन बसली. सुरीच्या पात्यावर ‘रोस्टफ्राय’, म्हणजे ‘न गंजणारे’, असा शब्द असेल तर ती सुरी 1920 च्या दशकातली किंवा त्यानंतरची धरावी, कारण गंजरोधक पोलादाचे क्रुपचे पेटंट 1912 सालचे आहे आणि ते पोलाद टेबलापर्यंत यायला पहिले महायुद्ध संपावे लागले. संच जुना आणि पाती नवी, असेही पुष्कळदा होते. घरच्या लोकांनी गंजलेली पाती मागाहून बदललेली असतात. याच गंजरोधक पोलादाचा क्रोमारगान नावाचा प्रकार डब्ल्यूएमएफने 1927 साली आणला, आणि मुलाम्याचे राज्य ओसरायला तिथून सुरुवात झाली.

दांडीवर कोरलेली आद्याक्षरे नवख्याला खटकतात आणि त्यांच्यामुळे किंमतही उतरते. जर्मन घरांत मुलीच्या रुखवतासाठी वर्षानुवर्षे एकेक काटा-चमचा जमवत जाण्याची रीत होती आणि तिच्या नावाची अक्षरे त्यावर कोरून घेत. बारशाचा चमचा तर मुलाच्या धर्मपित्याने द्यायचा. ही अक्षरे घासून काढलेला चमचा घेऊ नये, कारण अक्षरांबरोबर चांदीही गेलेली असते; तळहातावर धरून तिरका करून पाहिला तर तिथे उथळ खळगा जाणवतो. हॉटेलांची नावे कोरलेला माल मात्र मला नेहमी आवडतो. तो रोजच्या वापरासाठी जाड मुलाम्याचा आणि दणकट घडणीचा केलेला असे, आणि घरगुती मालापेक्षा त्याचा इतिहास शोधणे सोपे जाते. याउलट नाझी राजवटीची चिन्हे कोरलेल्या चमच्यांपासून चार हात दूर राहावे. त्यांत मागाहून चिन्ह ठोकलेल्या बनावट मालाची भरमार आहे, आणि त्या चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर व प्रसारावर जर्मन कायद्याने कडक निर्बंध घातलेले आहेत.

जर्मनीत हा माल आठवडी जुन्या बाजारांत आणि एखाद्या वृद्धाच्या पश्चात घर रिकामे करताना होणाऱ्या विक्रीत मिळतो. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुनी टेबलभांडी दिसतात, परंतु त्यांत इंग्रजी माल जास्त, आणि त्यावरची ‘ईपीएनएस’ ही अक्षरे नॉयझिल्बरवर विजेने चढवलेल्या चांदीचीच आहेत. इंग्रजी अक्षरे ग्रॅमांचा हिशोब देत नाहीत. जर्मन आकडा देतो. चांदीच्या भावाने मात्र या वस्तू तोलू नयेत. बारा जणांच्या काट्या-चमच्यांत मिळून 90 ग्रॅम चांदी, आणि ती वेगळी काढायचाही खर्च. मोडीत घालण्यासाठी घेतलेला मुलाम्याचा संच हा हमखास तोट्याचा व्यवहार आहे.

घासण्याचा मोह

चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे. अंडे, मोहरी, कांदा, लसूण यांचा स्पर्श तिला लगेच लागतो. जर्मन टेबलावर अंड्यासाठी शिंगाचे किंवा शिंपल्याचे चमचे असत ते याच कारणाने. मिठाच्या वाटीला आतून सोन्याचा मुलामा देत किंवा काचेची वाटी बसवत, कारण ओलसर मीठ चांदी खाते. काळेपणा स्वतः फार अपाय करत नाही. अपाय करतो तो आपला हात. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि रांगोळीने लखलखीत करण्याची आपली सवय इथे पूर्णपणे बाजूला ठेवली पाहिजे, कारण रांगोळीचे कठीण कण 36 मायक्रॉनच्या थरावर कानसासारखे चालतात, आणि दात घासण्याची पेस्टही त्याच वर्गातली आहे. मऊ कापड, चांदीसाठीच तयार केलेले सौम्य मिश्रण आणि वर्षातून एखादा दिवस एवढे पुरते. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद यांची रीत काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदी करून जागेवर बसवते, म्हणून ती घासण्यापेक्षा दयाळू आहे. परंतु नक्षीच्या खोबणींतला मुद्दाम राखलेला काळसर रंगही ती पुसून टाकते आणि चमचा निर्जीव दिसू लागतो. सुऱ्यांना तर उकळते पाणी वर्ज्यच, कारण त्यांच्या मुठी पोकळ असून पाते आत लाखेसारख्या भरणाने घट्ट केलेले असते. उष्णतेने ते भरण सुटते आणि पाते हलू लागते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत साठवणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. रबराच्या पट्ट्यांनी चमच्यांचे जुडगे बांधू नये. त्यातील गंधकाची काळी रेघ दांडीवर उमटते आणि ती सहसा सुखासुखी जात नाही. लोकरीचे कापड त्याच कारणाने टाळावे. धुतलेले सुती कापड आणि कोरडे कपाट हे बरे.

शेवटी प्रश्न उरतो तो थर संपलेल्या चमच्याचा. पुन्हा चांदी चढवून देणाऱ्या कार्यशाळा आहेत, आणि रोज वापरायचा संच असेल तर तो खर्च योग्य ठरतो. नव्या चांदीच्या आधी चमचा घासून सपाट करावा लागतो, आणि त्यात नक्षीच्या कडा बोथट होतात, ठसाही पुसट होतो. जुन्या चमच्यांच्या वाटीचे टोक कित्येकदा एकाच बाजूने अधिक झिजलेले असते, कारण ज्या हाताने तो चमचा वर्षानुवर्षे सुपाच्या ताटलीचा तळ खरवडला तो हात एकच होता आणि त्याची ढबही एकच होती. असा चमचा माझ्या समोर आला, तर मी तो आहे तसाच ठेवतो.